एमजीबीचे बुश आणि हरवलेला कंट्रोल

पेट परीक्षेची तयारी करताना 'कंट्रोल ग्रुप'ची व्याख्या आपण सगळेच पाठ करतो. पण कंट्रोल नसला तर नेमकं काय बिघडतं, ते व्याख्येतून कळत नाही. म्हणून आज उदाहरण घेऊ एका जुन्या इंग्लिश स्पोर्ट्स कारचं, आणि त्यातही तिच्या सस्पेन्शनमधल्या मूठभर आकाराच्या भागाचं. त्याचं नाव बुश.

गाडीचं चाक रस्त्यावर सतत वर-खाली होत असतं. चाकाला धरून ठेवणारा दांडा (त्याला विशबोन म्हणतात) गाडीच्या सांगाड्याला जिथे जोडलेला असतो, तिथे तो थोडासा फिरायला हवा, पण इकडे-तिकडे हलायला नको. या सांध्यात जी नळी बसवतात ती म्हणजे बुश. सुरुवातीच्या गाड्यांमध्ये तिथे काशाचा बुश आणि पोलादी पिन असायची. धातूवर धातू घासायचा, म्हणून वारंवार ग्रीस भरावं लागायचं. ग्रीस संपलं की झीज, आणि झीज झाली की खडखडाट.

रबर तोपर्यंत नवीन राहिलेलं नव्हतं. चार्ल्स गुडइयरने गंधक आणि उष्णता वापरून रबर टिकाऊ करण्याची युक्ती 1839 मध्ये शोधली आणि 1844 मध्ये तिचं अमेरिकन पेटंट घेतलं. पण सांध्यात रबर वापरायची खरी कल्पना 1920 च्या दशकात फ्रान्समध्ये 'सायलेंटब्लॉक' या नावाने पुढे आली. दोन धातूच्या नळ्या एकात एक ठेवायच्या आणि मधल्या फटीत रबर दाबून बसवायचं. आता गंमत बघा. दांडा फिरला तरी कुठलाच पृष्ठभाग घासत नाही, रबर स्वतःच आतल्या आत पिळतं आणि परत येतं. घर्षण नाही, म्हणून ग्रीस नाही आणि आवाजही नाही. 1931 मध्ये अमेरिकेतल्या प्लिमथ गाडीचं इंजिनच रबरावर बसवलं गेलं. मऊपणा हा दोष नसून तो विचारपूर्वक वापरायचा गुण आहे, हे इंजिनिअरांना पटत चाललं होतं. 1961 च्या जॅग्वार ई-टाइपमध्ये तर मागचं अख्खं सस्पेन्शन एका वेगळ्या चौकटीवर उभारून ती चौकट रबरी तुकड्यांवर टांगली होती, म्हणजे चाकांचा आणि गिअरचा आवाज आतपर्यंत पोचू नये.

आता आपल्या मुख्य गाडीकडे येऊ. एमजीबी 1962 ते 1980 या काळात इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनला बनत होती आणि पाच लाखांहून जास्त बनल्या, म्हणून आजही ती घरच्या गॅरेजमध्ये उघडून पुन्हा जोडणारे लोक भरपूर आहेत. तिच्या पुढच्या सस्पेन्शनची मूळ रचना ॲलेक इसिगॉनिस यांच्या जुन्या कामातून आलेली. मिनी बनवणारे तेच. खालच्या विशबोनच्या आतल्या टोकांना साधे रबरी बुश होते, प्रत्येक भोकात दोन्ही बाजूंनी एकेक बसवायचे. 1973 मध्ये याच गाडीत रोव्हरचं साडेतीन लिटरचं इंजिन घालून 'जीटी व्ही8' आली. तिच्यात त्याच जागी एकसंध, बाहेरून धातूचं कवच असलेले रबरी बुश होते. ते साध्या एमजीबीतही बसतात.

तिसरा पर्याय पॉलियुरेथेनचा. हा पदार्थ ऑटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जर्मनीत लेव्हरकुसेनला 1937 मध्ये तयार केला. बुशसाठी वापरतात ती जात रबरापेक्षा कडक असते आणि तेलापुढे चांगली टिकते. मात्र हा बुश सहसा धातूला चिकटवलेला नसतो. त्यामुळे तो पिळत नाही, आतल्या नळीवर घसरतो, आणि घसरणाऱ्या भागाला ग्रीस लागतं. ते कमी पडलं की कुरकुर सुरू. ज्या ग्रीसपासून सुटका म्हणून रबर आलं होतं, ते ग्रीस असं परत आलं.

मग कुठला बुश चांगला? गाडी जोडून झालेला माणूस ठामपणे सांगतो, "रबर काढून पॉली घातलं आणि स्टिअरिंग एकदम चोख झालं!" तो खोटं बोलत नाहीये. पण जरा थांबा. त्याने काढलेलं रबर चाळीसएक वर्षांचं होतं. कुकरची जुनी रिंग आठवा: कडक झालेली, भेगाळलेली, शिट्टीआधीच वाफ सोडणारी. या रबराने तर वर तेल आणि हवेतला ओझोनही सोसलेला. म्हणजे एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या, पदार्थ आणि वय. शिवाय त्याच दुरुस्तीत किंगपिन नवे बसले असतील, अलाइनमेंटही करून घेतली असेल. या निरीक्षणातून एवढंच निघतं की नवं हे सडक्यापेक्षा बरं. 'पॉली रबरापेक्षा बरं' हे निघत नाही, कारण 'नवं रबर' हा कंट्रोलच तिथे नाही.

उलट्या बाजूनेही हीच गफलत होते. चिकटवलेल्या रबरी बुशचा नट गाडी चाकांवर उभी असताना आवळायचा असतो. गाडी जॅकवर असताना आवळला, तर खाली उतरवल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. मग निष्कर्ष काय निघतो? "रबर टिकत नाही." खरं तर इथे तपासली गेली ती बसवायची पद्धत.

दुसरा मुद्दा 'चांगलं' या शब्दाचा. बुशकडून तीन मागण्या असतात: आडव्या जोराला दबू नये, पिळताना अडू नये, आणि कंप आत जाऊ देऊ नये. कडक पदार्थ पहिली मागणी छान भागवतो, पण तिसरीत मार खातो. शर्यतीच्या ट्रॅकवर पहिली महत्त्वाची, रोजच्या रस्त्यावर तिसरीला किंमत आहे. माझ्या मते रस्त्यावर चालवायच्या एमजीबीला नवे व्ही8 बुश योग्य: बाहेरच्या कवचामुळे जागेवर घट्ट, आणि आतलं रबर रबराचं काम करतं. ट्रॅकवरच्या गाडीसाठी माझं उत्तर वेगळं असेल.

आता एक काम करा. तुमचा सिनॉप्सिस उघडा आणि त्यात 'अधिक प्रभावी' किंवा 'अधिक चांगले' असं जिथे जिथे लिहिलंय तिथे खूण करा. प्रत्येक खुणेसमोर दोन गोष्टी लिहा: कशाच्या तुलनेत, आणि कुठल्या मागणीसाठी. पहिल्या रकान्यात जुनं, भेगाळलेलं रबर आलं असेल, तर गाइडसमोर जाण्याआधी तिथे नवं रबर आणून ठेवा.