महर्षींची टेकडी आणि मुलांची सुट्टी

शाळेला सुट्टी लागली म्हणजे मुलांना घेऊन कोठें तरी रानांत, डोंगरावर किंवा समुद्रकांठीं जावें आणि तेथें त्यांना परमेश्वराच्या करणीची ओळख करून द्यावी, असें आपल्यांतील पुष्कळ वडील मंडळींना वाटत असतें. हेतु चांगला, परंतु तो बहुधा फसतो. मावळत्या सूर्याकडे टक लावून पाहणाऱ्या मुलाला "पाहिलेंस, देवानें आकाश कसें रंगविलें आहे तें!" असें म्हटलें कीं, मूल आकाश सोडून बोलणाऱ्याच्या तोंडाकडे पाहूं लागतें. सृष्टींत ईश्वराची खूण आहे असें सांगणारे धर्म व पंथ अनेक आहेत. पण ती खूण लहान मुलाला आपली आपण पटावी म्हणून वडिलांनीं काय करावें, आणि त्याहूनहि काय करूं नये, ह्या प्रश्नाचा एकाच घराण्यानें तीन पिढ्या पाठपुरावा करावा असें क्वचित् घडतें. कलकत्त्याच्या ठाकूर घराण्यांत तें घडलें.

ह्या कथेचा आरंभ सुट्टीनें होत नाहीं, मरणानें होतो. देवेंद्रनाथ ठाकूर हे सन १८१७ सालीं जन्मले. वडील द्वारकानाथ हे त्या काळचे अतिशय संपन्न गृहस्थ. मुलगा अठरा वर्षांच्या सुमारास असतां त्याच्या लाडक्या आजीला अखेरच्या दिवसांत गंगेच्या घाटावर नेऊन ठेवलें होतें. मृत्यूच्या आदल्या रात्रीं, चांदण्यांत, एका साध्या चटईवर बसला असतां ह्या तरुणाच्या मनांत एकाएकीं असा आनंद दाटून आला कीं, घरच्या ऐश्वर्याचा त्याला वीट वाटूं लागला. ही हकिगत त्यांनींच आपल्या आत्मचरित्रांत दिली आहे. पुढें त्यांनीं उपनिषदांचा आधार शोधला, सन १८४३ सालीं ब्राह्मधर्माची दीक्षा घेतली आणि लोक त्यांना महर्षि म्हणूं लागले. सन १८५६ त ते हिमालयांत गेले ते दोन वर्षें परतलेच नाहींत. परतले तें एका नदीमुळें. डोंगरांतून निर्मळ उड्या घेत येणारी ती नदी खालच्या सपाटीवर जाऊन गढूळ होणार, पण तेथेंच शेतें भिजविणार, हें पाहतां पाहतां आपणहि खालीं जावें असा अंतरांतून आदेश झाला, असें ते लिहितात. सृष्टि त्यांना दोन वेळां बोलली, आणि दोन्ही वेळां तिनें सुखाचा उपदेश केला नाहीं, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

सन १८६३ सालीं बोलपूरजवळच्या उजाड माळावर दोन सप्तपर्णीचे वृक्ष पाहून त्यांनीं तेथें वीस बिघे जमीन घेतली. सप्तपर्णी म्हणजे कोंकणांतील आपली सातवीण. ध्यानाला बसण्यासाठीं तेथें एक घर बांधलें, त्याचें नांव शांतिनिकेतन. पुढें सन १८८८ च्या विश्वस्तपत्रानें हें स्थान निराकार ईश्वराच्या उपासनेसाठीं सर्वांना मोकळें करण्यांत आलें.

सन १८७३ च्या आरंभीं धाकट्या मुलाची मुंज झाली. रवींद्र तेव्हां अकरा वर्षांचा होता. गायत्रीचा अर्थ त्याला पुरता कळत नव्हता, तरी एकदां जप करतां करतां डोळे कां भरून आले हें त्याला सांगतां येईना. ह्यापेक्षां मोठी काळजी म्हणजे तासलेलें डोकें घेऊन शाळेंत जावयाचें कसें! इतक्यांत वडिलांनीं विचारलें, माझ्याबरोबर हिमालयांत येतोस कां? शाळेवर मुळींच प्रेम नसलेल्या मुलाला असा प्रश्न विचारल्यावर उत्तर काय मिळालें असेल, हें वाचकांना सांगावयास नको. पंचांगांतली सुट्टी ती नव्हे. परंतु मराठींत ज्याला मोकळीक म्हणतात ती मात्र खरी.

पहिला मुक्काम बोलपूरला. संध्याकाळीं पालखींतून जातांना मुलानें डोळे घट्ट मिटून घेतले. सगळें नवल सकाळच्या उजेडांत एकदम पाहतां यावें म्हणून. त्या माळावर पावसानें तांबडा मुरूम कापून काढलेल्या घळी आहेत, त्यांना तिकडे खोआई म्हणतात. त्या घळींतून मुलगा तऱ्हतऱ्हेचे गोटे अंगरख्याच्या ओच्यांत भरून वडिलांकडे घेऊन येई. येथें आपल्यापैकीं निम्म्या बापांनीं "कपडे मळवलेस" म्हटलें असतें आणि उरलेल्यांनीं दगडांच्या उत्पत्तीवर एक पाठ दिला असता. देवेंद्रनाथ म्हणाले, वा, सुंदर आहेत, कोठें मिळाले? आणि पुढें सुचविलें कीं, माझी टेकडी ह्यांनीं सजव. ही टेकडी म्हणजे तळें खणण्याचा बेत पाणी न लागल्यामुळें सोडून दिला तेव्हां उरलेला मातीचा ढीग. त्याच ढिगावर बसून महर्षि पहांटे पूर्वेकडे तोंड करून उपासना करीत, आणि समोर माळाच्या कडेवर सूर्य उगवे. म्हणजे ज्या आसनावर बाप ईश्वराला आठवी, तें आसन मुलानें वेंचलेल्या गोट्यांनीं मढविलें गेलें. मुलाला एका घळींत झऱ्याचें डबकें सांपडलें, तेव्हां स्नानाला व पिण्याला तें पाणी आणावें अशी त्याची सूचनाहि त्यांनीं मान्य केली आणि खरोखर तेथून पाणी आणविलें.

ह्या सर्व प्रसंगांत एक गोष्ट दिसत नाहीं. गीतेंतले निवडक श्लोक उतरून काढण्यास वडिलांनीं मुलाला दिले होते. पुढें संस्कृत, इंग्रजी, ज्योतिष हीं शिकविलीं. पण गोट्यांच्या वेळीं त्यांनीं देवाचें नांव काढल्याचें कोठें आढळत नाहीं. पाठाच्या वेळीं पाठ, आणि रानाच्या वेळीं रान. आमच्या मतें महर्षींच्या शिक्षणपद्धतीचें मर्म ह्या वेगळेपणांत आहे. 'जीवनस्मृति' हा ग्रंथ सन १९१२ सालीं प्रसिद्ध झाला, म्हणजे हकिगत जवळजवळ चाळीस वर्षांनंतरची आहे आणि लिहिणारा कवि आहे, हें विसरून चालणार नाहीं. प्रौढपणीं आठवणींना रंग चढतो. तरीहि, कवीला जर आपल्या बाळपणीं ईश्वरदर्शन घडवून आणावयाचें असतें तर त्याला ती जागा येथें सोईची होती. त्यानें फक्त दगड आणि डबकें आठवलें, ह्यामुळेंच ह्या आठवणीवर आमचा विश्वास बसतो.

पुढचा प्रवास थोडक्यांत सांगतों. वाटेंत एका मोठ्या स्टेशनावर मुलगा बारा वर्षांहून मोठा आहे असा संशय घेऊन पुऱ्या तिकिटाचे पैसे मागण्यांत आले. महर्षींनीं नोट दिली आणि परत आलेली मोड फलाटावर भिरकावून दिली. पैशाकरितां आपण खोटें बोलूं, ही कल्पनाच त्यांना असह्य झाली. अमृतसरला सुवर्णमंदिरांतलें भजन ऐकण्यांत कित्येक सकाळ गेल्या. मग डलहौसीजवळ बक्रोटा शिखरावरचें घर. तेथें लोखंडी टोंकाची काठी घेऊन मुलगा एकटाच देवदारांच्या रानांतून भटके, आणि वडील त्याला कधीं अडवीत नसत. कड्यावरून पडेल ह्याची भीति त्यांना वाटली नसेल काय? वाटलीच असेल, ती त्यांनीं मुलाच्या अंगावर टाकली नाहीं. पहांटेच्या अंधारांत जाग आली तर तांबडी शाल पांघरलेले, हातांत दिवा घेतलेले वडील कांचेच्या ओसरीकडे उपासनेला जातांना दिसत. रात्रीं तारे ओळखावयाचे. प्रॉक्टरच्या इंग्रजी ज्योतिषग्रंथांतून वडील समजावून सांगत आणि मुलगा तें बंगालींत लिहून काढी.

आतां आपल्या भागाचा संबंध येतो. वडील बंधु सत्येंद्रनाथ हे सनदी नोकरींत शिरलेले पहिले हिंदी गृहस्थ. त्यांची सारी नोकरी मुंबई इलाख्यांत झाली आणि तुकोबांचे अभंग त्यांनीं बंगालींत उतरविले. विलायतेस जाण्यापूर्वीं सन १८७८ सालीं रवींद्रनाथ मुंबईस डॉ. आत्माराम पांडुरंग ह्यांच्या घरीं राहिले होते. सन १८६७ च्या प्रार्थना समाजाचे संस्थापक ते हेच. सन १८८३ त सत्येंद्रनाथ कारवारला न्यायाधीश असतां रवींद्रनाथ तेथें जाऊन राहिले. कारवार तेव्हां मुंबई इलाख्यांत होतें. आज तें कर्नाटकांत आहे आणि तेथील समुद्रकिनाऱ्याला रवींद्रनाथांचें नांव आहे. काळी नदींतून चांदण्या रात्रीं केलेल्या नौकाविहाराचें वर्णन त्यांच्या आठवणींत आहे. त्या मुक्कामांत लिहिलेलें 'प्रकृतीर प्रतिशोध' हें नाटक सन १८८४ त निघालें. संसाराचे सगळे पाश तोडून अनंताला गांठूं पाहणारा एक संन्यासी, आणि त्याला एका अनाथ मुलीच्या मायेनें पुनः माणसांत ओढून आणणें, अशी ही कथा. सांताच्या आंतच अनंताला भेटणें, हा आपल्या पुढील साऱ्या लेखनाचा विषय येथें प्रथम उमटला, असें कवीनें पुढें स्वतः म्हटलें आहे. हिमालयांतून नदीच्या पाठोपाठ खालीं उतरलेल्या बापाचा हा मुलगा शोभतो खरा.

सन १९०१ च्या डिसेंबरच्या २२ तारखेस शांतिनिकेतनांत शाळा निघाली. विद्यार्थी अवघे पांच, त्यांत कवीचा थोरला मुलगा रथींद्रनाथ. वर्ग झाडांखालीं, सकाळ-संध्याकाळ थोडा वेळ मुकाट्यानें बसणें, मंदिर कांचेचें, मूर्ति नसलेलें, आठवड्याची सुट्टी रविवारीं नव्हे, उपासनेच्या बुधवारीं. जगदानंद राय हे विज्ञान शिकवीत आणि मुलांना ग्रहतारे दाखवीत. ह्या व्यवस्थेची थट्टा करणारेहि होते आणि ते सर्वस्वी चुकीचे नव्हते. जमीनदाराच्या उत्पन्नावर उभारलेली मोकळीक ती. शेजारच्या संथाळ वस्तींतल्या मुलांना पावसांत भिजण्यासाठीं शाळेची परवानगी लागत नव्हती, आणि त्यांत कांहीं काव्य आहे असें त्यांना कोणी सांगितलेंहि नव्हतें. पण खरी कसोटी थट्टेनें लागली नाहीं. सृष्टि म्हणजे केवळ सप्तपर्णीचा सुगंध नव्हे. तीच सृष्टि पटकीहि आहे.

धाकटा मुलगा शमींद्र हा बापाच्या स्वभावाचा होता. सन १९०७ च्या वसंतपंचमीला त्यानें आश्रमांत मुलांचा ऋतूत्सव घडवून आणला. आज शांतिनिकेतनच्या वसंतोत्सवाला सारा देश ओळखतो. त्याचें मूळ ह्या दहा वर्षांच्या मुलाच्या खटाटोपांत आहे. त्याच वर्षीं शरद् ऋतूंत पूजेची सुट्टी लागली, आणि शमी आपल्या मित्राच्या कुटुंबाबरोबर मुंगेरला गेला. तेथें त्याला पटकी झाली. कवि धांवत गेला. नोव्हेंबरच्या अखेरीस, आईला जाऊन पांच वर्षें होत असतांनाच, मुलगा गेला. अकरावें वर्षहि पुरें झालें नव्हतें.

पंचवीस वर्षांनीं, सन १९३२ त, मुलगी मीरा हिचा एकुलता मुलगा जर्मनींत वारला, तेव्हां तिला धीर देण्यासाठीं लिहिलेल्या पत्रांत रवींद्रनाथांनीं ती मुंगेरहून परततांनाची रात्र सांगितली आहे. आगगाडींतून बाहेर पाहिलें तों आकाश चांदण्यानें भरलेलें. कोठें कांहीं उणें झाल्याची खूण नाहीं. मनानें म्हटलें कीं उणें झालेलें नाहींच. सगळें त्या पूर्णांत आहे, आणि मीहि त्यांत आहे. हें वाचून कोणाला शांति मिळेल, कोणाला रागहि येईल. ज्या आकाशाला आपल्या मुलाच्या मरणाची दाद नाहीं, त्या आकाशांत बापानें ईश्वर कसा पाहावा, असें विचारण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. परंतु गंगेच्या घाटावर, मरणाच्या शेजारीं, चांदण्यांत बसलेल्या अठरा वर्षांच्या देवेंद्रनाथांची आठवण येथें झाल्यावांचून राहत नाहीं. मुलाला बापाकडून हा वारसा कोणत्याहि पाठांतून मिळालेला नव्हता.

पुढच्याच वर्षीं, सन १९०८ सालीं, त्यांनीं आश्रमाच्या मुलांसाठीं 'शारदोत्सव' लिहिलें. नाटकाचा विषयच सुट्टी हा आहे. शरद् आला आहे, मुलांना सुट्टी आहे, ठाकुरदादांना घेऊन तीं नदीकांठीं खेळावयास निघालीं आहेत. एकटा उपनंद मात्र झाडाखालीं पोथ्यांची नक्कल करीत बसला आहे. त्याचा वीणावादक गुरु कर्ज ठेवून वारला, तें कर्ज तो असें फेडीत आहे. संन्याशाच्या वेषांत फिरणारा राजा विजयादित्य त्याला पाहतो, आणि त्याला उमगतें कीं ह्या ऋतूचा खरा उत्सव हाच मुलगा साजरा करीत आहे. कारण हें आकाश, हीं शेतें, ही नदीहि आपल्याला मिळालेलें ऋण आनंदानें फेडीत आहेत, म्हणूनच तीं इतकीं सुंदर दिसतात. मग संन्यासी आणि मुलेंहि पोथ्या उतरावयास बसतात. सन १९२१ त ह्याच नाटकाला कवीनें नवें रूप दिलें तेव्हां त्याचें नांवच 'ऋणशोध' ठेवलें. वर्षभरापूर्वीं पोटचा मुलगा सुट्टींत गमावलेल्या माणसाला सुट्टीवर लिहितांना ऋणाची कल्पना सुचावी, आणि तीहि उत्सवाच्या रूपांत, ह्यावर अधिक भाष्य करण्याची आमची इच्छा नाहीं.

'शारदोत्सवा'चा पहिला प्रयोग मुलांनींच आश्रमांत केला. तो पूजेच्या सुट्टीच्या तोंडावर झाला. प्रयोग संपला, आणि मुलें ट्रंका बांधून आपापल्या घरीं गेलीं; आदल्या वर्षीं शमीहि ह्याच दिवसांत गेला होता.