बोरघाटातील रिव्हर्सिंग स्टेशन

खंडाळ्याच्या खाली बोरघाटात पूर्वी ‘रिव्हर्सिंग स्टेशन’ नावाचे एक स्थानक होते. ते गावासाठी नव्हे, डोंगरासाठी बांधलेले. चढण दर ३७ फुटांस १ फूट, आणि कड्यावर गाडी वळविण्यास जागा नाही. म्हणून गाडी येथे थांबे, इंजिन सोडून दुसऱ्या टोकास जोडीत आणि मागचा डबा पुढे होऊन गाडी उलट दिशेने चढू लागे. मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांची ही योजना आम्हांस आजही कौतुकास्पद वाटते.

परंतु घाट फोडला तो मजुरांनी. १८६१ च्या आरंभी येथे ४२,००० माणसे राबत होती. मजुरीच्या तक्रारीवरून १८५९ च्या जानेवारीत त्यांचा दंगा उसळला. पटकीने तर असंख्य दगावले. त्याच वर्षी नवा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल वारला आणि त्याची पत्नी ॲलिस हिने काम पुढे चालविले, हे इतिहासात आले. मजुरांची नावे आली नाहीत. आमच्या ज्ञातिबांधवांपैकी कोणाच्या घरी घाटात गेलेल्या पूर्वजाची हकीकत सांगत असतील, तर ती त्यांनी अवश्य लिहून काढावी.

१८६३ साली घाटमार्ग खुला झाला. १९२९ साली नवा मार्ग निघाला, गाड्या सरळ चढू लागल्या आणि हे स्थानक बंद पडले.