संततिनियमनाची साधने
गर्भधारणा टाळण्याची साधने व शस्त्रक्रिया. महाराष्ट्रात र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढून त्यांचा प्रसार केला. साधनाचा भरवसा बराचसा वापरणाऱ्याच्या नियमितपणावर ठरतो. गोळ्या अचूक घेतल्यास वर्षभरात शंभरांत एखादीलाही क्वचितच दिवस जातात. प्रत्यक्ष वापरात सुमारे ७ जणींना. निरोधबाबत हा आकडा १३ आहे, मात्र एचआयव्ही व गुप्तरोगांपासून संरक्षण तोच देतो. तांबी (कॉपर-टी ३८०ए) १० वर्षे चालते. काढल्यावर पुन्हा गर्भ राहू शकतो. पुरुष नसबंदी स्त्रीच्या शस्त्रक्रियेपेक्षा सोपी व कमी धोक्याची, तरीही भारतात शस्त्रक्रियेचा भार मुख्यतः स्त्रियाच वाहतात, हा उघड अन्याय आहे. पुरुष नसबंदीनंतर सुमारे ३ महिने, वीर्यतपासणी होईपर्यंत, दुसरे साधन वापरावे लागते.