भूकंप कुणाच्या पापाचा? १९३४ च्या एका वादातून शिकण्यासारखे

श्रद्धा आणि विज्ञान यांचा वाद निघाला की आपले तरुण लगेच बाजू घेतात, पण समोरचा नेमके काय म्हणतोय हे पूर्ण ऐकत नाहीत. म्हणून ९० वर्षांपूर्वीचा एक वाद समजून घेऊ. त्याच्या केंद्रस्थानी आपलाच प्रश्न होता.

१५ जानेवारी १९३४ रोजी बिहार आणि नेपाळ प्रचंड भूकंपाने हादरले. मुंगेर, मुझफ्फरपूर ही शहरे उद्ध्वस्त झाली. दहा हजारांहून अधिक माणसे मेली. गांधीजी तेव्हा अस्पृश्यतेविरोधी दौऱ्यावर मद्रास प्रांतात होते. तिरुनेलवेलीच्या सभेत त्यांनी हा भूकंप अस्पृश्यतेच्या पापाबद्दल ईश्वराने दिलेली शिक्षा असल्याचे सांगितले.

रवींद्रनाथ टागोरांना हे पटले नाही. त्यांनी प्रतिवाद लिहिला, पण तो परस्पर वर्तमानपत्राला दिला नाही. आधी गांधीजींनाच पाठवला आणि तुमचे म्हणणे खरेच असे असेल तरच छापायला द्या, असे कळवले. गांधीजींनीही तो १६ फेब्रुवारीच्या 'हरिजन'मध्ये आपल्या उत्तरासह छापला.

टागोरांचे म्हणणे असे. अस्पृश्यता अन्याय्यच आहे, पण नैसर्गिक आपत्तीची कारणे निसर्गातच असतात. चुकलेल्यांना धडा शिकवण्यासाठी कोणताही सुसंस्कृत राज्यकर्ता लहान मुलांना आणि खुद्द अस्पृश्यांना चिरडणार नाही, मग ईश्वर कसा चिरडेल? शिवाय हाच तर्क उद्या सनातनी वापरतील आणि भूकंपाचे खापर गांधीजींच्याच चळवळीवर फोडतील.

गांधीजींचे उत्तरही प्रामाणिकपणे ऐकले पाहिजे. निसर्गाचे नियम आपल्याला कळत नाहीत आणि पाप व भूकंप यांचा संबंध सिद्धही करता येत नाही, हे त्यांनी मान्य केले. तरी तो संबंध त्यांना आतून जाणवत होता. आपली समजूत चुकीची ठरली तरी तिच्यामुळे लोक आत्मशुद्धीकडे वळतील, म्हणजे भलेच होईल, असे ते म्हणाले. आपल्या समाजाच्या गुन्ह्याची लाज वाटणाऱ्या माणसाची ही तळमळ होती. ती खोटी नव्हती.

पण तळमळ खरी असली म्हणून तर्क खरा ठरत नाही. हिमालयाखाली भूपट्ट एकमेकांवर रेटले जातात, हे स्पष्टीकरण शास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात स्वीकारले. म्हणजे १९३४ मध्ये टागोरांच्या हातीही पूर्ण उत्तर नव्हते. तरीही कारण निसर्गातच शोधायचे, ही त्यांची पद्धत बरोबर होती. उत्तर सापडेपर्यंत रिकामी जागा देवाने भरायची नाही, हीच विज्ञानाची शिस्त.

मित्रांनो, गांधीजींचे ते विधान अस्पृश्यतेच्या विरोधात होते म्हणून आपल्याला गोड वाटू शकते. इथेच सावध व्हायला हवे. 'दुःख म्हणजे पापाची शिक्षा' हेच सूत्र आपल्या पूर्वजांना ऐकवले गेले होते. मागच्या जन्मी पाप केलेस, म्हणून या जन्मी गावकुसाबाहेर राहा! ते सूत्र एकदा मान्य केले की ते कुणावर उलटवायचे हे ज्याच्या हाती पोथी तो ठरवतो. म्हणूनच बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात मागच्या जन्मीच्या कर्माचा सिद्धांत नाकारला आणि घटनांमागची दैवी कारणेही नाकारली. अस्पृश्यतेचे मूळ त्यांनी जातिव्यवस्थेत आणि तिला पावित्र्य देणाऱ्या शास्त्रांत दाखवले. माणसांनी उभारलेली व्यवस्था माणसेच मोडू शकतात. देवाच्या शिक्षेची वाट पाहायची गरज नाही.

आज आपल्या ग्रुपवरही एखाद्या देवस्थानात दुर्घटना झाली की कुणीतरी 'केल्याचे फळ मिळाले' असे लिहितो. मेलेले असतात गोरगरीब भाविक. तेव्हा आपणही तेच जुने सूत्र वापरत असतो. वाद जरूर घाला, कठोरपणे घाला. पण टागोरांसारखी आधी खात्री करून घ्या, समोरच्याचे म्हणणे त्याला मान्य होईल अशा शब्दांत मांडा आणि मग खोडा. ज्या तर्काने आपल्याला गावकुसाबाहेर ठेवले, तो आपल्या सोयीचा असला तरी वापरू नका.

जय भीम!