पाण्यातील हजेरीपट

आमचे आयुष्य माणसे मोजण्यात गेले. संपाच्या दिवशी फाटकाबाहेर किती जमले, वर्गणीच्या पावत्या किती फाटल्या आणि मालकाच्या हजेरीपटावर नावे किती, या तीन आकड्यांचा मेळ बसलेला आम्ही एकदाही पाहिला नाही. म्हणूनच डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांची शिरगणती शास्त्रज्ञ कशी करतात हे वाचू लागलो, तेव्हा विषय परका वाटला नाही. आम्ही कॉलेजची पायरी चढलो नाही. वाचनालयाच्या बाकावर जे उमगले, ते आपल्यापुढे ठेवतो.

कालवे, तिसऱ्या, शिनाणे कोकणच्या बाजारात आपण पाहतोच. ही मंडळी मोठेपणी खडकावर नाहीतर वाळूत ठाण मांडतात. बालपण मात्र भटके. अंड्यातून निघालेला डिंभ प्रवाहाबरोबर वाहत जातो. त्याचा आकार मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. अमेरिकेच्या चेसापीक उपसागरातील कालवाची अंडी उघड्या पाण्यातच फळतात, हे प्राध्यापक ब्रूक्स यांनी १८७९ च्या सुमारास दाखविले. पुढे न्यू जर्सीत थर्लो नेल्सन यांनी पाण्यातील डिंभ मोजून, आता शिंपा टाका, पिल्ले बसायला आली, असे कालववाल्यांना सांगण्याचा उद्योग आरंभिला. तेव्हाची मोजणी स्वागताची होती. पिल्लू आले म्हणजे पोटाची सोय झाली.

मग मोजणीचा हेतूच पालटला. काळ्या समुद्राच्या व कॅस्पियनच्या परिसरातला पट्टेवाला झेब्रा शिंपला १९८८ साली उत्तर अमेरिकेच्या सेंट क्लेअर सरोवरात सापडला. जहाज रिकामे जाताना तोल राखण्यासाठी पोटात जे पाणी भरते, त्यातून तो आला. त्याच्या भाईबंदांनी पाण्याचे नळ असे गच्च भरले, की डिसेंबर १९८९ मध्ये मिशिगनमधील मन्रो गावाचा पाणीपुरवठा बंद पडला. शिंपले डोळ्यांना दिसेपर्यंत थांबावे, तर नळ तुंबलेले असतात. तेव्हा मोजायचे ते डिंभच!

बारीक जाळीने पाणी गाळायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक जीव टिपायचा, ही जुनी रीत. पुढे एक युक्ती सापडली. ध्रुवित प्रकाशात डिंभाचे चुन्याचे कवच अंधारात चांदणीसारखे चमकते. पण तसेच कवच असलेले इतर किडेही चमकतात. शिवाय झेब्रा शिंपल्याचा सख्खा भाऊ क्वाग्गा त्याच सरोवरांत शिरला होता आणि दोघांचे डिंभ तर जुळ्यांसारखे. डोळा दमला की मोजणी चुकते. आठ तास यंत्रावर उभ्या राहिलेल्या माणसाला हे सांगावे लागत नाही.

योगायोग असा, की १९८८ सालीच दुसऱ्या दालनात एक यंत्रणा सिद्ध झाली. यलोस्टोनच्या उष्ण झऱ्यातल्या जिवाणूपासून मिळालेले विकर वापरून जनुकाच्या प्रती काढणारी पी. सी. आर. ही पद्धत सुलभ झाली. तिची कल्पना कॅरी मलिस यांची, १९८३ ची. करोनाच्या साथीत हे नाव आपल्या घरोघरी पोचले. एका फेरीत एकाचे दोन, पुढच्या फेरीत दोनाचे चार. तीस फेऱ्यांत एकाचे शंभर कोटींहून अधिक. १९९८ साली क्लॅक्सटन व बोल्डिंग यांनी याच मार्गाने ईरी, ओंटारिओ व सिम्को सरोवरांतील डिंभांपैकी झेब्रा कोण आणि क्वाग्गा कोण, हे जनुकावरून ओळखून दाखविले. प्रत्येक फेरीला प्रती किती वाढल्या हे पाहता येऊ लागल्यावर संख्येचाही अदमास लागू लागला. मुळात माल थोडा असेल तर फेऱ्या अधिक लागतात, एवढेच त्यातले गणित.

येथे आमचे कान टवकारतात. यंत्र मोजते ते जनुकाच्या प्रती, डोकी नव्हेत. थोर डिंभात पेशी अधिक, लहानात कमी. मेलेल्याचे जनुकही काही काळ पाण्यात राहते. गाळातील द्रव्ये ती क्रियाच अडवितात. म्हणून आधी मोजून ठेवलेल्या डिंभांवर यंत्राचा आकडा पडताळावा लागतो. जनुक नाव सांगते. जिवंत किती, हे त्याच्या साक्षीवर ठरत नाही.

आणि सूक्ष्मदर्शकाची साक्ष तरी पुरी कुठे? अमेरिकेतील मोंटाना राज्यात २०१६ साली टायबर जलाशयात डिंभ आढळले. राज्यपालांनी आणीबाणी पुकारली, नावांची झडती सुरू झाली. पण पुढे मोठा शिंपला तेथे सापडला नाही. एका मोजणीवर राज्यभर धावपळ होते, हे ध्यानी घ्यावे.

हा प्रश्न आपल्या उंबरठ्यावरचाही आहे. अमेरिकेच्या उष्ण किनाऱ्याचा काळ्या पट्ट्यांचा शिंपला विशाखापट्टणम आणि मुंबई या बंदरांत येऊन वसला. त्याच जातीने १९९९ साली ऑस्ट्रेलियातील डार्विनच्या नौकाधक्क्यांत शिरकाव केला, तेव्हा क्लोरीन व मोरचूद ओतून त्याला मारावे लागले. जहाजांच्या पाण्याविषयी २००४ साली आंतरराष्ट्रीय करार झाला, तो २०१७ मध्ये अमलात आला. ५० मायक्रॉन किंवा त्याहून मोठे जिवंत जीव घनमीटरमागे दहांपेक्षा कमी असावेत, हे त्याचे एक कलम. ‘जिवंत’ हा शब्द त्यात मुद्दाम आहे.

तेव्हा यंत्र आले म्हणून सूक्ष्मदर्शकापाशी बसणाऱ्याला घरी पाठवा, असे कोणी म्हणेल, तर आम्ही त्याला विरोध करू. तो केवळ भाकरीसाठी नव्हे, खऱ्या आकड्यासाठीही. आम्ही पावतीपुस्तक आणि फाटकावरची गर्दी दोन्ही पाहून मगच संपाची हाक दिली आहे. एकावरच विसंबलो त्या वेळी आमची फजिती झाली. बंदराच्या पाण्याचेही तसेच. नाव जनुकाकडून घ्यावे, जिवंत-मेल्याचा निवाडा डोळ्याने करावा आणि दोन्ही वह्या लोकांना पाहता येतील अशा उघड्या ठेवाव्यात. त्या पाण्यावर ज्यांची जाळी पडतात, त्यांचा तो हक्क आहे.