'सर' आले कुठून?

१ मे १९६६ रोजी कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत एका घराच्या परसात काही तरुण मंडळी मध्ययुगीन कपडे घालून लुटुपुटीची लढाई लढली. पुढचा सामना बागेत घ्यायचा ठरला. परवान्याच्या अर्जावर संस्थेचं नाव हवं, म्हणून कादंबरीकार मॅरियन झिमर ब्रॅडली यांनी 'सोसायटी फॉर क्रिएटिव्ह ॲनाक्रॉनिझम' असं ठोकून दिलं. ते चिकटलं. आपल्या उद्योगाला 'लार्प', म्हणजे पात्राचं सोंग घेऊन प्रत्यक्ष वावरायचा खेळ, म्हटलेलं तिथल्या अनेकांना खपत नाही. पण वेताच्या तलवारी, चिलखतं आणि स्वतःसाठी निवडलेलं जुन्या काळातलं नाव म्हटल्यावर आपण दुसरं काय म्हणणार?

इथे उत्तम लढणारा 'नाइट' होतो. कमरेला पांढरा पट्टा, गळ्यात साखळी, टाचांना घोड्याला टोचायचे काटे. तो संस्थेतल्या राजाशी निष्ठेची शपथ घेतो आणि नावाआधी 'सर' लावतो. शपथ नको असेल, तर पट्टा कमरेऐवजी खांद्यावरून तिरका घ्यायचा आणि 'मास्टर' म्हणवून घ्यायचं. मान तेवढाच.

गंमत या शब्दांच्या पोटात आहे. 'नाइट'चा जुन्या इंग्रजीतला अर्थ पोरगा, हरकाम्या. 'सर' मात्र फ्रेंच 'सायर'मार्गे लॅटिन 'सेनिअर'पर्यंत, म्हणजे 'वयाने मोठा' इथपर्यंत पोचतो. संस्कृतातला 'सन', म्हणजे जुना, हा त्याच कुळातला. थोडक्यात, पोरग्याला वडीलधारा म्हणायचं! इंग्लंडात एके काळी साध्या पाद्र्यालाही 'सर' म्हणत.

खरी पंचाईत होते ती इंग्रज नसलेलं पात्र घेऊन 'सर'ला त्या भाषेतला पर्याय शोधणाऱ्याची. जर्मन पात्र घेतलंत, तर 'रिटर' भारदस्त वाटतं. पण त्याचा अर्थ नुसता घोडेस्वार, आणि मध्ययुगीन जर्मन नाइटला नावाआधी लागायचं ते 'हेर'. तोही मुळात 'ज्येष्ठ'च, लॅटिन 'सेनिअर'च्या धर्तीवर घडवलेला. आज मात्र जर्मनीत हेर म्हणजे आपलं 'श्रीयुत'. इतके घाव सोसून, पट्टा मिळवून अखेर श्रीयुत! तरी मी हेरच घेईन. इतिहासाचा खेळ खेळायचा, तर इतिहासातलं खरं संबोधन वापरावं.

आपल्याकडे 'सर' दोन वाटांनी आला. १८४२ साली जमशेटजी जीजीभॉय 'सर' झाले. हा किताब मिळालेले ते पहिले भारतीय. तो 'सर' नावाआधी बसतो. शाळेतला 'सर' आडनावामागून येतो: कुलकर्णी सर. 'सरदार', 'सरनोबत' यांतला 'सर' मात्र या घरचा नव्हे. तो फारसी, अर्थ डोकं.

उद्या कुणा मराठी गड्याने तिथे पांढरा पट्टा मिळवलाच, तर 'राव'चा मोह टाळावा. राव म्हणजे राजा. राजा बसलेला असताना ते नाव शोभायचं नाही. 'सरदार' चालून जाईल.