फ्रेंची, पुढे ये!

सन १९२८. तू सहा वर्षांचा आहेस. दक्षिण लुइझियानातल्या व्हर्मिलियन परगण्यात आज तुझा शाळेचा पहिला दिवस. घरी वडिलांच्या शिव्या, गायीला घातलेली हाक, शनिवारच्या नाचातली गाणी, सगळं फ्रेंच. तुझी मेमेर, म्हणजे आजी, सांगते की इंग्रजांनी आपल्याला अकादीतून, म्हणजे आताच्या कॅनडातल्या मुलखातून, जहाजांत कोंबून हाकललं. (साल तिला ठाऊक नाही, ते १७५५.) इंग्रजी तू ऐकलीस ती दुकानात आलेल्या एखाद्या परक्याच्या तोंडून.

आता तुला लघवीला लागली आहे. बाईंना इंग्रजीत कसं विचारायचं ते येत नाही आणि फ्रेंचमध्ये विचारलं तर शिक्षा. तू पाय आवळून बसतोस. मग चड्डी ओली होते. वर्ग हसतो, ज्यांच्यावर हीच पाळी येऊन गेली ती पोरंसुद्धा.

पुढच्या आठवड्यात गोट्या खेळताना तोंडून फ्रेंच निसटतं. मक्याच्या दाण्यांवर गुडघे टेकायचे, मग फळ्यावर पुन्हा पुन्हा लिहायचं: मी शाळेच्या आवारात फ्रेंच बोलणार नाही. लुइझियाना राज्याच्या १९२१ च्या राज्यघटनेनं शाळेत फक्त इंग्रजी ठेवली आहे. आणि बाई? त्याही केजनच, म्हणजे अकादीहून आलेल्यांच्याच वंशातल्या, संध्याकाळी आईशी फ्रेंचच बोलतात. कायदा राजधानीत झाला, पण दाणे पसरायला गावातलंच माणूस लागलं. मला हेच जास्त बोचतं.

१९४३. सैन्यभरतीचा कागद आला आणि तू छावणीत आलास. उत्तरेकडची पोरं तुझ्या इंग्रजीवर खिदळतात. नाव पडतं ‘फ्रेंची’.

जून १९४४, नॉर्मंडी. मातीच्या बांधांवर माजलेली उंच कुंपणं, पलीकडचं काही दिसत नाही. पुढे एक शेतघर. लेफ्टनंट मागे वळून हळूच म्हणतो, “फ्रेंची, पुढे ये!” दारातल्या म्हाताऱ्याला तू विचारतोस, जर्मन कुठे आहेत? तो सफरचंदाच्या बागेकडे बोट दाखवतो. मशीनगन आहे, माणसं चार. मग तुला न्याहाळत विचारतो, “कॅनडाचा का रे तू?” तू लुइझियाना म्हणतोस. तो बायकोला हाक मारतो, बाटली निघते. लेफ्टनंट तुझ्या खिशात सिगारेटचं पाकीट सारतो. ओएसएस ही अमेरिकी गुप्तचर संघटना तर अशी पोरं हुडकत होती. काहींना तिनं जर्मनांच्या ताब्यातल्या मुलखात फ्रेंच बंडखोरांबरोबर काम करायला पाठवलं.

एवढं झाल्यावर तू घरी येऊन पोरांना फ्रेंच शिकवली असशील, असं कुणालाही वाटेल. तू नाही शिकवलीस. १९५० च्या सुमारास तेल कंपन्यांच्या नोकऱ्या इंग्रजी मागतात, आणि ती ओली चड्डी तू विसरलेला नाहीस. पोरांशी इंग्रजी. फ्रेंच उरते नवरा-बायकोत, नाताळच्या भेटी कुठे लपवल्या ते पोरांना कळू नये म्हणून.

१९६८ मध्ये तेच राज्य फ्रेंचच्या विकासासाठी परिषद नेमतं. फ्रान्स, बेल्जियम, क्वेबेकहून शिक्षक येऊ लागतात. १९७६ साली तुझी नात फ्रेंचचं पुस्तक घेऊन मांडीवर बसते. तुला ते वाचता येत नाही. फ्रेंच लिहायला-वाचायला तुला कुणी शिकवलंच नव्हतं. तू तिला मोठ्यानं वाचायला लावतोस, अर्थ समजावतोस, आणि तिच्या बेल्जियन बाईंचे उच्चार चुकीचे आहेत असं ठणकावून सांगतोस.